वीडच्या वाऱ्यावर सरपण

पहिल्या हिवाळ्यात आमची शेगडी पेटण्याऐवजी धुमसतच राहिली. ऑक्टोबरमध्ये एका विक्रेत्याकडून ट्रकभर लाकूड घेतलं होतं. "वर्षभर वाळवलेलं आहे, आजच जाळा," असं सांगून त्यानं ते अंगणात ओतलं आणि पैसे घेऊन गेला. फोड शेगडीत सरकवली की तिच्या कापलेल्या तोंडावर आधी फेस यायचा. बारीक बुडबुडे जमायचे, चर्र करत फुटायचे, आणि एक पिवळसर ओघळ खाली उतरून निखारा विझवून टाकायचा. शेगडीच्या काचेवर दोन दिवसांत काळा थर. बाहेर पारा शून्याच्या खाली, आणि आत आम्ही दोघं स्वेटरवर स्वेटर चढवून त्या फेसाकडे बघत बसलेलो.

हे २०१९ सालचं. नोकरीच्या निमित्तानं आम्ही उत्तर कॅलिफोर्नियातल्या वीड या गावात राहायला आलो होतो. शास्ता पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी, साधारण साडेतीन हजार फुटांवर वसलेलं गाव, वस्ती तीन हजारांच्या आतली. कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारा आणि ऊन आठवतं. इथे नोव्हेंबर लागला की बर्फ, पाऊस, गोठलेली सकाळ. आणि बारा महिने वारा.

मी देवरुखकडची. ओलं लाकूड धुपतं हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं निघायची, त्यात सरपण भरणं हे मोठं काम. आजी पडवीत भिंतीला लावून सरपण पार वाशांपर्यंत रचून घ्यायची. पाऊस सुरू झाला की पडवीतल्या त्या भिंतीला पाठ लावून बसायला ऊब वाटायची. माझ्या डोक्यात एकच पक्कं होतं: सरपण घराला जितकं चिकटून, तितकं कोरडं. म्हणून इथेही तो ट्रक रिकामा झाल्यावर मी सगळ्या फोडी घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला लावून, वळचणीखाली, मोठ्या निगुतीनं रचल्या होत्या.

जानेवारीत शेजारचे आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, उंच, सावकाश चालणारे. आमच्या धुराड्यातून येणारा धूर ते महिनाभर बघत होते म्हणाले. त्यांनी माझ्या ढिगातल्या दोन फोडी उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. बद्द असा आवाज आला. मग स्वतःच्या कोटाच्या खिशांतून दोन छोट्या फोडी काढल्या, त्या आपटल्या. टण्ण. लाकडाचा असा आवाज मी फक्त विटीदांडूच्या खेळात ऐकला होता. "हे लाकूड," माझ्या ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "अजून झाडच आहे."

त्यांनी एक फोड मधोमध चिरली आणि आतल्या ताज्या बाजूवर आर्द्रतामापकाच्या दोन सुया टोचल्या. ३८ टक्के. बाहेरच्या बाजूवर तेच यंत्र २१ दाखवत होतं. बाहेरून मोजायचं नाही, नेहमी नुकत्या चिरलेल्या आतल्या अंगावर मोजायचं, हा पहिला धडा. जाळायचं लाकूड २० टक्क्यांच्या खाली हवं. त्यावर असलं तर उष्णतेचा काही भाग पाणी उकळण्यातच जातो, आणि अर्धवट जळालेल्या धुराचा डांबरासारखा चिकट थर धुराड्यात आतून साचतो. तोच थर एखाद्या रात्री धुराड्यातच पेट घेतो.

निघताना ते उत्तरेच्या भिंतीजवळ थांबले. वळचणीखालच्या रचलेल्या लाकडाकडे आणि वरच्या छपराकडे त्यांनी दोनदा पाहिलं. "हे इथून हलव," एवढंच बोलले. मला वाटलं ओलीमुळे म्हणत असतील.

आजोबांचे वडील १९२०च्या दशकात लुइझियानामधून इथे आले. लाँग-बेल ही लाकूड कंपनी तेव्हा वीडमध्ये होती, आणि दक्षिणेकडच्या तिच्या गिरण्यांतले अनेक कृष्णवर्णीय कामगार कुटुंबं घेऊन इकडे आले. त्यांची वस्ती गावाच्या एका टोकाला, लिंकन हाइट्स नावाची. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं. लाँग-बेल पुढे १९५६ मध्ये इंटरनॅशनल पेपरमध्ये विलीन झाली आणि १९६१ साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली. आजोबा तरुणपणी गिरणीत 'ग्रीन चेन'वर होते. करवतीतून निघालेल्या ओल्या फळ्या साखळीवरून सरकत येतात, त्या जातवारीनं ओढून घ्यायच्या आणि थर लावायचे. प्रत्येक थरामध्ये आडव्या बारीक पट्ट्या, म्हणजे हवा खेळते. त्यांचे दोन्ही खांदे त्या कामानं गेलेत. हात मात्र अजून फळीवरून फिरवून सांगतात, हिच्यात पाणी किती आहे ते.

हे गाव कसं वसलं ती गोष्ट त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितली, मग मी गावातल्या लाकूड-इतिहासाच्या संग्रहालयात जाऊन पाहिलं. अबनर वीड नावाचा मेन राज्यातला माणूस, यादवी युद्धात लढलेला. त्याच्या लक्षात आलं की इथला जोरदार वारा चिरलेलं लाकूड फार लवकर वाळवतो. १८९७ मध्ये त्यानं इथली एक गिरणी आणि २८० एकर जमीन ४०० डॉलरला विकत घेतली. गावाला नाव त्याचंच. महामार्गावरून जाणारे लोक गावाच्या कमानीखाली उभे राहून नावाची गंमत करत (इंग्रजी बोलीत 'वीड' म्हणजे गांजा) फोटो काढतात, त्यांना हे माहीत नसतं. गाव बहुधा पाण्यासाठी वसतं, वाटेसाठी वसतं, देवळाभोवती वसतं. हे वाऱ्यासाठी वसलं.

वारा इथेच का, ते नकाशा पाहिला की कळतं. पूर्वेला शास्ता, १४,१७९ फूट. पश्चिमेला एडी पर्वत, नऊ हजारांच्या वर. मधे खिंड, आणि खिंडीच्या उत्तरेच्या तोंडावर आपण. पॅसिफिककडून वादळ येऊ लागलं की त्याच्यापुढे दक्षिणेची हवा त्या खिंडीत कोंबली जाते आणि आमच्या अंगावर सुटते. शास्ताच्या डोक्यावर ताटलीसारखे गुळगुळीत ढग एकावर एक चढले की आजोबा म्हणायचे, वर जोराचा वारा आहे, ओल येतेय, दोन दिवसांत खाली उतरेल. एकदा पंचांगासारखी सवय लागली की माणूस सकाळी दार उघडून आधी डोंगराचा माथा बघतो. मीही बघते.

खरं काम सुरू झालं एप्रिल २०२० मध्ये. जग घरात बसलं होतं आणि मी अंगणात. आमच्याकडे आगोट मे महिन्यात संपते, इथे ती मे महिन्यात सुरू होते हे मला उमगायला वेळ लागला. कोकणात जून ते सप्टेंबर म्हणजे बुरशीचे महिने. इथे जून ते सप्टेंबर पाऊस फारच थोडा, दुपारची आर्द्रता खूपदा वीस टक्क्यांच्या खाली, ऊन कडक, रात्री मात्र गार. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडून गेलेला. लाकडाला याहून चांगला उन्हाळा मिळणार नाही, पण तो त्याला पूर्ण मिळायला हवा. म्हणून फोडाफोडी पाऊस संपता संपता उरकायची.

राखीव जंगलातली मेलेली, पडलेली झाडं घरच्या वापरासाठी कापायला परवाना मिळतो. परवान्याबरोबर चिठ्ठ्या येतात, गाडीत भरलेल्या लाकडाला त्या लावायच्या. यांत्रिक करवतीला ठिणगी अडवणारी जाळी हवी, जवळ फावडं हवं. आगीचा धोका वाढला की दुपारनंतर करवत चालवायला बंदी. नवऱ्यानं आणि मी तीन रविवार घालवून पाँडेरोसा पाइनचे ओंडके आणले. ब्लॅक ओकचा एक मोठा बुंधा आजोबांच्या ओळखीनं मिळाला. मोजणी इथे 'कॉर्ड'मध्ये होते: चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफूट रचलेली रास. आमच्या हिवाळ्याला तीन कॉर्ड लागतात.

फोडणं मला आवडलं. ओंडका उभा करायचा, त्याच्या तोंडावर गाभ्याकडून निघालेल्या बारीक चिरा बघायच्या आणि घाव त्या चिरेवरच घालायचा. पाइन एका घावात उलगडतो आणि अंगणभर राळेचा वास सुटतो, होळीला येतो तसा. ओक गाभ्यातून फुटत नाही, त्याच्या कडा आधी सोलाव्या लागतात. गाठ असलेला ओंडका सरळ बाजूला काढायचा, त्याला पाचर. जुनिपर तर फुटल्यावरही धाग्यांनी एकमेकांना धरून ठेवतो, इतका चिवट. घाव घालताना जोर खांद्यातून नव्हे, गुडघे वाकवून कमरेतून, हे जमायला मला महिना लागला. तोपर्यंत दोन दांडे मोडले.

रचण्याआधी आजोबांनी आठवडाभर मला एकही फोड रचू दिली नाही. अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार काठ्या रोवल्या, प्रत्येकीला नारिंगी फीत बांधली, आणि सांगितलं, सकाळ-दुपार-रात्र बघून लिहून ठेव. मी वहीत लिहिलं. दिवसा फिती बहुतेक उत्तरेकडे फडफडायच्या, म्हणजे वारा दक्षिणेचा. रात्री उशिरा डोंगरावरून थंड हवा खाली उतरायची, तेव्हा त्या पश्चिमेकडे हळूच कलायच्या. एका कोपऱ्यात मात्र फीत दिवसभर लोंबकळत असायची. तो कोपरा नेमका उत्तरेच्या भिंतीचा, जिथे मी वळचणीखाली लाकूड रचलं होतं. तिथे घर वारा अडवून धरत होतं.

"आता कळलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "अर्धंच कळलंय," ते म्हणाले, आणि मला रस्त्यापलीकडे घेऊन गेले. तिथे तीन मोकळे भूखंड होते. गवत वाढलेलं, आणि गवतात सिमेंटचे जोते. दारापर्यंत जाणाऱ्या तीन पायऱ्या तशाच होत्या, दार नव्हतं. १५ सप्टेंबर २०१४ ला बोल्स आग लागली, त्या दुपारी वाऱ्यानं ती गावात घातली आणि काही तासांत दीडशेच्या वर घरं गेली. आग ज्वाळांनी चालून येते असं आपल्याला वाटतं. खरं तर आधी येतात त्या ठिणग्या, वाऱ्यावर, ज्वाळांच्या खूप पुढे. त्या कुठे बसतात? छपराच्या पन्हळीतल्या पाइनच्या सुयांत, लाकडी पायऱ्यांच्या फटीत, आणि भिंतीला लावून रचलेल्या कोरड्याखट्ट सरपणात. मी घराच्या कुशीत तीन कॉर्ड पलिता ठेवला होता.

आजीची पडवी माझ्या मनातून निघायला ते तीन जोते बघावे लागले. तिथे ते बरोबरच होतं. चार महिने धो धो पाऊस, दमट हवा, तिथे घराची ऊबच लाकूड राखायची. इथल्या हवेत तेच जिवावर बेतणारं. आम्ही सगळी रास हलवली, घरापासून तीस फूट दूर, अंगणाच्या वायव्य कोपऱ्यात, भोवतालची दहा फूट जमीन गवत खरवडून उघडी केली. भिंतीपासून पाच फुटांत आता आमच्याकडे खडी सोडून काहीही नाही. गुलाबाची एक कुंडी होती, तीही काढली.

मग रचायला घेतलं. खाली लाकडी पॅलेट, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. एकेरी रांगा, दोन रांगांत हातभर अंतर. आणि फोडींची कापलेली तोंडं वाऱ्याकडे. लाकडात पाणी झाडाच्या उभ्या नळ्यांतून फिरतं, त्यामुळे ते तोंडातून बाहेर पडतं ते बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं. वर ताडपत्री, पण फक्त डोक्यावर टोपीसारखी. मी पहिल्यांदा ती चारी बाजूंनी ओढून घट्ट बांधली होती, पावसाळी सवयीनं. आजोबांनी सुरीनं दोऱ्या कापल्या.

गिरणीत ते नमुन्याच्या फळ्या तोलून पाहायचे, तसं मलाही करायला सांगितलं. मी तीन फोडींवर खडूनं आकडे घातले आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या. पाइनची फोड मे महिन्यात ३ किलो ९०० ग्रॅम होती. पहिल्या आठवड्यातच अडीचशे ग्रॅम कमी. जूनमध्ये तिच्या तोंडावर ताऱ्यासारख्या चिरा पडल्या, साल सैल झाली. १५ ऑगस्टच्या सुमारास काटा २ किलो २०० वर येऊन थांबला आणि पुढचे तीन रविवार हलला नाही. एका फोडीतून जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी त्या वाऱ्यानं नेलं होतं. मी ते पाणी डोळ्यांसमोर आणून पाहिलं: दोन तांबे. आणि अशा शेकडो फोडी.

ओक मात्र रेंगाळला. ४ किलो ८०० वरून सप्टेंबरअखेर ३ किलो ७०० वर. ओकचीच दुसरी एक फोड चिरून मोजली तर २९ टक्के. पुढच्या वर्षीचं लाकूड, आजोबा म्हणाले, आणि त्याची रांग वेगळी केली. ओकला घाई चालत नाही, त्याला दोन उन्हाळे लागतात. त्या हिवाळ्यात आम्ही पाइन आणि थोडं जुनिपर जाळलं. शेगडीची काच मार्चपर्यंत स्वच्छ राहिली.

तिसरा उन्हाळा २०२२चा. २ सप्टेंबर, शुक्रवार, पुढे सोमवारची सुट्टी जोडून आलेली. दुपारचं जेवण चाललं होतं. वारा दक्षिणेचा, जोराचा, फिती अगदी ताठ. पाऊण-एकच्या सुमारास उत्तरेकडे काळा धूर दिसला आणि दहा मिनिटांत फोनवर गाव सोडण्याचा इशारा आला. आम्ही आजोबांना गाडीत घेतलं. ते काही बोलत नव्हते. त्यांची बहीण लिंकन हाइट्समध्ये राहायची, तिचा फोन लागत नव्हता. माउंट शास्ता गावाकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरलेला, मागच्या काचेत धुराचा लोळ आडवा वाहताना दिसत होता. वर चढतच नव्हता, इतका वारा.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला, दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून. ती निघाली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. घर गेलं. लिंकन हाइट्सचा मोठा भाग गेला. दोन माणसं मेली. मिल फायर नाव दिलेल्या या आगीत चार हजार एकरांच्या आसपास जमीन जळाली आणि ११८ बांधकामं नष्ट झाली. आमचं घर वाऱ्याच्या वरच्या अंगाला होतं, म्हणून वाचलं. रास तीस फुटांवर होती की नव्हती, याचा त्या दिवशी काही संबंध आला नाही. वारा त्या दिवशी आमच्या दिशेचा नव्हता एवढंच.

परत आलो तेव्हा ताडपत्रीवर बोटभर धूळ होती. रास जशीच्या तशी. मला तिच्याजवळ जाववेना. ज्या वाऱ्यानं आमचं लाकूड वाळवलं, त्यानंच शंभर वर्षांपूर्वी आलेल्या कामगारांची वस्ती काही तासांत पुसली, आणि मी तीन वर्षं फिती बांधून त्याच वाऱ्याची बारीक नोंद करत होते. चार रविवार मी काट्यावर काही तोललं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्यांदा दव गोठलं. आजोबांची बहीण आता त्यांच्याच घरी राहायला आली होती. संध्याकाळी ते आमच्या दारात आले, म्हणाले, ओक बघू या. आम्ही २०२० मधली ती आकडा घातलेली फोड काढली. ३ किलो २००. कुऱ्हाडीनं चिरली, सुया टोचल्या, १६ टक्के. त्यांनी दोन्ही अर्धुकं एकमेकांवर आपटली. टण्ण. त्यांनी तो आवाज पुन्हा एकदा केला, मग तिसऱ्यांदा.

आगीनंतर गावात कुठेही धूर दिसला की लोक घराबाहेर येत. आजोबांची बहीण तर एखाद्या धुराड्यातून जाड धूर निघताना दिसला की पाणी पिता पिता पेला खाली ठेवायची. त्या रात्री आम्ही शेगडी पेटवली तेव्हा मला तीच भीती होती. ओकची फोड आत गेली, फेस नाही, चर्र नाही, कडांनी निळी ज्योत धरली. मी शाल घेऊन रस्त्यावर गेले आणि आमच्या धुराड्याकडे पाहिलं. वर तारे होते, धुराड्याच्या तोंडाशी ते किंचित थरथरत होते, बस. धूर नव्हता. पलीकडच्या खिडकीत आजोबांची बहीण उभी होती. तिनं वर पाहिलं आणि पडदा ओढला.